आमच्या घरची दीपलक्ष्मी

जमिनीच्या वाटणीपेक्षा भांड्यांची वाटणी सोपी, असा आमचा परवापरवापर्यंत समज होता. जमिनीला बांध असतो, पाण्याची पाळी असते, आणि आमच्या माळशिरस तालुक्यात तर नीरा उजव्या कालव्याच्या चारीवरून चालत आलेली दोन पिढ्यांची बोलाचाली असते. भांड्याला मात्र नाव असते. भांड्यावर नाव घालण्याची आपल्याकडील चाल ज्या कोणी प्रथम काढली, त्यास भाऊबंदकीचा अनुभव चांगलाच असला पाहिजे. घागरीच्या गळ्याशी, ताटाच्या काठावर, तांब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले असते: अमक्याकडून अमकीस, लग्नप्रीत्यर्थ, अमुक तारीख. वाचावे आणि ज्याचे त्यास द्यावे. पंच नको की वकील नको.

दोन वर्षांपूर्वी आमचे जुने घर पाडावयाचे ठरले, तेव्हा आम्हां तिघा भावांच्या कुटुंबांनी याच रीतीने एका दुपारी माळ्यावरील सारी भांडी वाटून घेतली. हंडे, बंब, परात, वेळण्या, पंचपाळे, आजोबांच्या मुंजीतील पळीपंचपात्र, सगळ्यांचे धनी सापडले. संध्याकाळी रिकाम्या ओसरीवर एकच वस्तू उरली. ती दीपलक्ष्मी. तिच्यावर नाव नव्हते.

दीपलक्ष्मी म्हणजे काय हे वाचकांस सांगावयास नको. तरी आमची कशी आहे ते सांगितले पाहिजे. उंची एक वीत आणि चार बोटे. कमळाच्या बैठकीवर एक तरुण स्त्री उभी आहे. नेसण नऊवारी, निऱ्या पायघोळ, कासोटा स्पष्ट. दोन्ही हात पुढे आणि ओंजळीत पणती. केसांचा खोपा मोठा आणि त्यावर एक फूल. नाकात नथ होती असे म्हणतात. आता नथही नाही आणि नाकही फारसे नाही. चिंचेने आणि राखेने घासता घासता ते बुजले. डोळे मात्र शाबूत आहेत, कारण ते खोलगट आहेत आणि घासणाऱ्याचे बोट तेथवर पोचत नाही. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ओतकामाचा एक बारीक दोष राहिला आहे, त्यामुळे ती किंचित हसते आहे, किंवा हसू दाबते आहे, असा भास होतो. लहानपणी आम्ही या हसण्याचा अर्थ लावीत बसत असू.

धातू शास्त्राप्रमाणे पितळ, म्हणजे तांबे आणि जस्त. ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील असते. पण घडण्याची रीत दोहोंची एकच. ओतारी प्रथम मेणाची मूर्ती करतो, तिच्यावर मातीचे लेप देतो, भट्टीत मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत तापलेला रस ओततात. धातू थंडावला की साचा फोडावा लागतो. म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती. दुसरी हवी असेल तर मेणापासून पुन्हा आरंभ. आमच्या दीपलक्ष्मीच्या तोंडचे ते हसू या भूतलावर दुसरीकडे नसणार, एवढे यावरून खचित म्हणता येते. मोहेंजोदडो येथे १९२६ साली जी साडेदहा सेंटिमीटर उंचीची ब्राँझची मुलगी सापडली, तीही याच रीतीने ओतलेली. तिला सारे जग नर्तकी म्हणते. ती नाचत होती की कामातून सवड काढून कमरेवर हात ठेवून उभी होती, हे विचारण्याची सोय राहिलेली नाही.

तर या दीपलक्ष्मीचे करावयाचे काय? धाकट्या सूनबाईंचे म्हणणे, मोडीत घालावी आणि येईल त्या पैशांत तिघांकडे एकेक समई घ्यावी. मधल्या भावाने सांगितले की पुण्याचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी अशा मूर्तींना वजनापेक्षा पुष्कळ अधिक देतो. आम्ही वडीलपणाचा आव आणून 'पाहू' म्हणालो, आणि तोवर ती आमच्या टेबलावर येऊन उभी राहिली. खरे सांगावयाचे तर आमचेही काही ठरलेले नव्हते. म्हातारपणी निर्णय टाळण्यास 'पाहू' हा शब्द फार उपयोगी पडतो.

अशा वेळी अमेरिकेत असलेल्या पुतण्याचे छायाचित्र आले. न्यूयॉर्कच्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात त्याने ब्राँझची एक छोटी मूर्ती पाहिली, आणि 'आपल्या ओसरीवरच्या बाईची बहीण वाटली म्हणून पाठवतो' असे त्याने लिहिले होते. मूर्ती एका तरुण स्त्रीची, सुमारे चौदा इंचांची. खुर्चीवर बसून मांडीवरच्या तान्ह्याकडे पाहणारी. आमच्या बाईशी तिचे साम्य म्हणाल तर काही नाही. तिचा घोळदार झगा पायाशी पसरला आहे, आणि घडणाऱ्या बोटांचे ठसे त्या झग्यावर जणू अजून ओले आहेत. परंतु आम्ही जरा चौकशी केली, आणि चौकशीअंती जे हाती आले त्याने झोप उडाली.

मूर्तिकाराचे नाव बेसी पॉटर व्होनो. ही बाई १८७२ साली जन्मली आणि १९५५ साली वारली. लहानपणच्या आजारामुळे तिची उंची पाच फुटांपर्यंतही पोचली नाही. शिकागोच्या १८९३ सालच्या ज्या विश्वप्रदर्शनाच्या निमित्ताने विवेकानंदांचे भाषण झाले, आणि म्हणून जे आपल्याकडे शाळेतल्या पोरासही ठाऊक असते, त्याच प्रदर्शनाच्या इमारतींसाठी मूर्ती घडविण्याचे काम हिने केले. तिचे गुरू लोराडो टाफ्ट यांस माणसे कमी पडत होती. स्त्रिया घेतल्या तर चालेल काय, असे त्यांनी विचारले. त्यावर मुख्य वास्तुकाराने उत्तर दिले की काम होत असेल तर पांढरे ससे घेतले तरी चालतील. तेव्हापासून त्या मुलींनी स्वतःस 'पांढरे ससे' म्हणवून घेतले. त्याच प्रदर्शनात तिने त्रुबेत्स्कॉय यांच्या लहान लहान ब्राँझमूर्ती पाहिल्या आणि मनाशी ठरविले की आपण घोड्यांवरचे सेनापती करावयाचे नाहीत. घरातील बायका, नाचणारी मुलगी, मांडीवर मूल घेतलेली आई, हेच टेबलावर मावेल अशा मापाने करावयाचे. 'तरुण माता' ही मूर्ती १८९६ सालची. पुढे १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिला पदक मिळाले.

आणि मूर्तीसाठी बसलेली ती तरुण स्त्री कोण, हेही ठाऊक आहे! फिमिस्टर प्रॉक्टर नावाच्या मूर्तिकाराची पत्नी मार्गारेट, आणि मांडीवर तिचेच मूल. घडविणारीचे नाव आहे, बसलेलीचे नाव आहे, साल आहे. आम्ही मान वर करून टेबलावरच्या बाईकडे पाहिले. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात ते दाबलेले हसू होतेच.

आता कोणी म्हणेल की ही पाश्चात्यांची दप्तर ठेवण्याची शिस्त, आपल्याकडे असे नाही. त्याच १८९६ सालाकडे मुंबईत पाहावे. सर जे. जे. कलाशाळेत शिकणाऱ्या गणपतराव म्हात्रे या तरुणाने त्या सुमारास प्लॅस्टरमध्ये एक स्त्रीमूर्ती घडविली: नऊवारी नेसलेली, पूजेचे साहित्य हाती घेऊन देवळाकडे निघालेली. तिचे नाव 'मंदिरपथगामिनी'. मुंबईच्या आर्ट सोसायटीने तिला पारितोषिक दिले, सर जॉर्ज बर्डवुड यांनी तिची इंग्लंडात वाखाणणी केली, आणि रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ साली बंगालीत तिच्यावर लेख लिहिला. ग्रीक मूर्तींच्या वळणाने शिकलेल्या हाताने आपल्या लुगड्याच्या चुण्यांत जे सौंदर्य दाखविले ते तोवर कोणी दाखविले नव्हते, हे आम्हांसही मान्य आहे. पण 'मंदिरपथगामिनी' हे नाव नव्हे. ते वर्णन आहे. पुढे म्हात्रे यांनी राजे आणि पुढारी यांचे पुतळे घडविले. मुंबईतील न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा त्यांचाच. पुतळा कोणाचा हे त्याच्या चौथऱ्यावर लिहिलेले असते, आणि तसे असलेच पाहिजे. देवळाकडे निघालेलीस मात्र नावाची गरज नसते. ती देवळाकडे निघालेली आहे एवढे पुरे. आमच्या शेजारच्या वेळापूरला अर्धनारीनटेश्वराच्या यादवकालीन देवळात जे शिलालेख आहेत त्यांत राजा रामचंद्रदेवाचे नाव आहे. राजाचे नाव दगडात राहिले. त्या देवळात सातशे वर्षे दिवा लावणाऱ्यांचे कसे राहणार?

अपवाद आम्हांस एक ठाऊक आहे, आणि तो मराठी बाईचा आहे, हे सांगताना आनंद वाटतो. कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर येथे महालिंगस्वामीचे मोठे देवालय आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील अम्मुनूबाई हिने तेथे नवस केला की प्रतापसिंहाशी आपले लग्न झाले तर देवापुढे लक्ष दीप लावीन. नवस फळला. तिने लाख दिवे लावले, आणि त्या लाखांतील एक म्हणून स्वतःचीच मूर्ती ओतवून, हातात पणती देऊन देवापुढे कायमची उभी केली. साल शके १७७५, म्हणजे इसवी सन १८५३. मूर्तीच्या पीठावरील तमिळ लेखात तिचे नाव आहे, नवस आहे, आणि ज्याच्यासाठी नवस केला त्याचेही नाव आहे. आपल्याकडील सासूसासऱ्यांस हे वाचून काय वाटेल ते वाटो. आम्हांस त्या बाईच्या धीटपणाचे कौतुक वाटते. मला हे हवे होते, ते मिळाले, आणि मी ही अशी दिसत होते, एवढे तिने देवासमक्ष धातूत लिहून ठेवले.

आमच्या दीपलक्ष्मीची हकीकत याच्या अगदी उलट आहे. ती आमच्या आत्याची.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्या पिढीने तिला दुसऱ्या कोणत्याही नावाने ओळखले नाही. आई तिला वन्सं म्हणे, वडील आक्का म्हणत, गाव आमच्या आडनावाची आत्या म्हणे. चौदाव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि एकोणिसाव्या वर्षी ती परत आली. परत येताना सासरच्यांनी भांडी ठेवून घेतली, आणि ते नियमास धरूनच होते, कारण तिच्या बापाने दिलेल्या प्रत्येक भांड्यावर तिचे सासरचे नाव घातलेले होते. दीपलक्ष्मीवर काही लिहिलेले नव्हते. ओतीव मूर्तीवर टोचा कोठे मारावयाचा म्हणून लग्नाच्या घाईत कासारानेच ती तशी सोडली असावी. त्यामुळे ती कोणाची हे ठरेना, आणि ठरेपर्यंत आत्याने तिला पदराखाली घेऊन बैलगाडीत मांडीवर ठेवले. नाव नसण्याचा आत्याला जन्मात झालेला फायदा तो एवढाच.

पुढची पन्नास वर्षे ती दीपलक्ष्मी ओसरीवरच्या कोनाड्यात उभी होती. आषाढात माउलींची पालखी नातेपुत्याहून माळशिरसला मुक्कामास येते, त्या रात्री आत्या तिला कोनाड्यातून काढून ओट्यावर आणून ठेवी आणि रात्रभर तेल घाली. डोक्यावर तुळशीवृंदावने घेतलेल्या बायका पुढून जात. त्यांतील कोणी थांबून दिव्याला हात जोडी, कोणी पाणी मागे. पहाटे पालखी वेळापूरच्या वाटेला लागली की आत्या दिवा मालवी आणि आम्हां पोरांस धुळाक्षरांस बसवी. होय, आम्हांस अक्षरओळख तिनेच करून दिली. ती रोज पांडवप्रताप वाची, वाण्याचे टिपण ठेवी, माहेरवाशिणींची पत्रे लिहून देई. तिचे अक्षर वडिलांच्या अक्षरापेक्षा चांगले होते.

हे सारे एवढ्यासाठी सांगितले की पुढे जे सांगावयाचे आहे ते याशिवाय समजणार नाही.

आजोबा १९५७ साली वारले. आदल्याच वर्षी हिंदू वारसा कायदा झाला होता आणि बापाच्या हिश्शात मुलीसही वाटा मिळू लागला होता. माळशिरसात ही बातमी वकिलांबरोबरच येऊन पोचली. तेव्हा घराघरांत जे झाले तेच आमच्याही घरी झाले: हक्कसोडपत्र. आत्याने स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून दिला. 'स्वखुशीने' हा शब्द त्या कागदात तीन वेळा आहे. ती नाखूश होती असे आम्हांस म्हणवत नाही. ती काही बोललीच नाही. कागद ओसरीवर झाला. लिहिणाऱ्याने वाचून दाखविला, आणि शेवटी रिवाजाप्रमाणे विचारले, "बाईंची निशाणी ना?" वडील म्हणाले, "हो." आत्याने डावा अंगठा पुढे केला. शाईची गादी आम्ही धरली होती. आमचे वय चौदा.

तिला लिहिता येते, हे त्या ओसरीवर सर्वांत चांगले ज्यास ठाऊक होते तो मनुष्य शाईची गादी धरून उभा होता. आम्ही बोललो नाही. वडिलांच्या शब्दापुढे बोलण्याची तेव्हा पद्धत नव्हती, हे खरे. पण त्या क्षणी पद्धतीची आठवणही आम्हांस झाली नाही, हे त्याहून खरे. अंगठा उमटला. आत्याने पदराच्या आतल्या बाजूला शाई पुसली आणि ती दिवा लावावयास उठली. मुलींस वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि सबंध देशात २००५ साली मिळाला. त्या दोन्ही वेळी आम्ही वर्तमानपत्र घडी घालून ठेवले. आत्या तोवर राहिली नव्हती.

वाटणीच्या कामी जुनी दप्तरे चाळताना तो कागद सापडला. त्यात तिचे पूर्ण नाव आहे. आधी 'गं. भा.', मग सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव. मग 'ऊर्फ', आणि माहेरचे, म्हणजे बारशाला ठेवलेले नाव. आमच्या मुलांनी ते प्रथमच वाचले. मोठी सूनबाई म्हणाली, "इतकं सुंदर नाव होतं आत्यांचं?" आम्हीही ते कितव्यांदा ऐकले होते हे सांगता येईना. आजी गेल्यावर त्या नावाने हाक मारणारे घरात कोणी उरले नव्हते.

मग आम्ही 'पाहू' म्हणणे सोडले. दीपलक्ष्मी फडक्यात गुंडाळली आणि अकलूजच्या बाजारात भांड्यांवर नावे घालणाऱ्याकडे नेली. आता टोचा आणि हातोडी नाही. दंतवैद्याच्या हाती असते तसले विजेचे यंत्र आले आहे. तरुण पोरगा होता. त्याने मूर्ती हातात तोलली, उलटी केली, सुलटी केली.

"आजोबा, जुना माल हाय. ह्याच्यावर नाव कशाला घालताय? नाव घातलं की गिऱ्हाईक कमी पैसे देतं."

"विकावयाची नाही."

"मग सांगा, काय टाकू? सौभाग्यवती का गंगाभागीरथी?"

आम्ही म्हणालो, "दोन्ही नको."

"बरं. माहेरचं नाव का सासरचं?"

हा प्रश्न आम्ही घरून निघताना सोडवून आणलेला नव्हता. सासरच्या नावाने ती पाच वर्षे जगली. माहेरच्या नावाने तिला कोणी हाक मारली नाही. जन्मभर जे नाव चालले ते 'आत्या', आणि ते तर आमच्या नात्याने पडलेले, तिचे नव्हे. यंत्र घरघरत होते. मागे गिऱ्हाईक उभे होते. आम्ही खिशातून कागदाचा तुकडा काढून बारशाचे नाव लिहिले. तीन अक्षरे.

"एवढंच? आडनाव?"

"एवढंच."

"अक्षरावर पैसे हायेत, आजोबा. तीनाचेच व्हतील," असे म्हणून त्याने जागा शोधली. पुढे कमळाच्या पाकळ्या, मागे निऱ्या. सपाट जागा कोठेच नव्हती. शेवटी त्याने तिला आडवी केली आणि बैठकीच्या खाली, जेथे पन्नास वर्षांचे तेल घट्ट बसले होते, तेथे खरडून जागा केली आणि नाव घातले. आमच्या हस्ताक्षराबरहुकूम घातले, म्हणजे पर्यायाने आत्याच्याच वळणाचे झाले, कारण ते वळण तिने लावलेले.

मूर्ती आता आमच्याकडे आहे. भावांनी हरकत घेतली नाही. मधल्याने मात्र पुण्याच्या व्यापाऱ्याचा भाव पुन्हा एकदा सांगितला. नाव खाली असल्यामुळे उचलल्याशिवाय वाचता येत नाही, ही त्यातील गैरसोय. यंदा पालखी मुक्कामास आली त्या रात्री दिवा नव्या घराच्या पायरीवर ठेवला होता. एक वारकरी बाई पाणी पिता पिता म्हणाली, "चांगली हाय वो, कुणाची?" आम्ही उत्तर देणार इतक्यात आमच्या सात वर्षांच्या नातीने नाव दाखविण्यासाठी पेटती दीपलक्ष्मी उचलून वाकडी केली. सारे तेल तिच्या नव्या परकरावर सांडले, वात विझली, आणि आतून सूनबाईंचा आवाज चढला. त्या गडबडीत बाईने नाव वाचले की नाही ते समजले नाही. तिला वाचता येत होते किंवा कसे, हेही आम्ही विचारले नाही.